खटला चालवू नये

१

पत्र निनावी होतं. मजकूर जेमतेम चार ओळींचा.

‘तालुक्याचे सरकारी वकील उकिडवे हे विहिरीत उडी घेणाऱ्या बायकांवर एकही खटला चालवीत नाहीत. बोरजाईवाडीच्या शालूबाईचे कागद कचेरीतून नाहीसे झाले आहेत. ती बाई अजून जिवंत आहे. चौकशी लवकर व्हावी.’

१९३७ सालचा जानेवारी होता. मी, राजमहंमद आत्तार, तेव्हा पुणे जिल्ह्याच्या पोलिसांत फौजदार होतो. साहेबांनी ते पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि शेजारी एक यादी ठेवली. जीव देण्याचा प्रयत्न करणं हा कायद्यानं गुन्हा, कलम तीनशे नऊ. तीन वर्षांत मावळातून अशी चौदा प्रकरणं सरकारी वकिलाकडे गेली होती. चौदाच्या चौदांवर एकच शेरा होता : ‘खटला चालवू नये.’ खाली सही, मा. वि. उकिडवे.

“आत्तार,” साहेब म्हणाले, “हा माणूस कायदा चालवायला ठेवलाय की मोडीत काढायला? आता कागदही नाहीसे व्हायला लागले. तो कुणाला पाठीशी घालतोय ते मला हवंय.”

लोणावळ्याच्या गाडीत बसल्यावर मी ते पत्र पुन्हा वाचलं. अक्षर शाळकरी, एकेक सुटं काढलेलं. पण ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक सापडेना. पाकिटावर शिक्का लोणावळ्याचा. उकिडव्यांवरचा आरोप सरळ होता, कागदांची तक्रारही सरळ होती. मला खटकत होता तो एकच शब्द.

ती बाई *अजून* जिवंत आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की ती फार दिवस राहणार नाही.

२

तालुक्याच्या कचेरीत दप्तर सांभाळायला सोपान नावाचा कारकून होता. पन्नाशीचा, कानात पेन्सिल, बोलताना सारखा उपरण्यानं मान पुसणारा. मी शालूबाईचे कागद मागितले तसा तो उत्साहानं उठला. फडताळ उघडलं, नोव्हेंबरचा गठ्ठा सोडला, एकदा चाळला, दुसऱ्यांदा चाळला. मग त्यानं गठ्ठा जमिनीवर ठेवला आणि त्याच्याजवळच बसकण मारली.

“इथंच होते, साहेब. दिवाळीनंतर मीच बांधले.”

“कधीपासून नाहीत?”

“तुम्ही मागितले म्हणून आत्ता कळलं! निकाल लागलेले कागद कोण उघडतं हो? माझी नोकरी गेली, साहेब.”

“किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडे. नाही म्हणायला डिसेंबरात एकदा वकीलसाहेबांनी मागितली होती. जुना निवाडा शोधायचा म्हणाले. दुपारभर आत बसले होते. मला नवल वाटलं, कारण ते कधी दप्तरात बसत नाहीत. विहिरीच्या प्रकरणांवर तर उभ्याउभ्या शेरा मारतात. मी कागद पुढं धरायचा, त्यांनी सही करायची.”

“शालूबाईची चौकशी आणखी कुणी केली?”

सोपान आठवू लागला. “तिचा नवरा आला होता, हौशीराम. लोणावळ्याला रेल्वेत पॉइंटमन आहे. ‘माझ्या बायकोनं जमादाराला काय लिवून दिलं, ते कुटं असतं?’ म्हणून विचारत होता. मी हाकलला. आणि बोरजाईवाडीचे पोलीस पाटील, रखमाजी, ते काय दर सोमवारी येतात, इथं माझ्याजवळच चहा घेतात. ते त्या बाईचे थोरले दीरच.”

म्हणजे दप्तरापर्यंत पोचणारे तिघे झाले, आणि चौथा खुद्द सोपान. त्याची नोंदवही मी सहज चाळली. अक्षर वळणदार होतं, पण ‘विहीर’ हा शब्द त्यानं एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिला होता.

मी वही मिटली तेव्हा दारात कुणीतरी उभं होतं. किती वेळ उभं होतं कोण जाणे.

“माझ्याविषयी विचारायचं असेल तर मलाच विचारा,” उकिडवे वकील म्हणाले.

३

माधवराव उकिडवे पंचेचाळिशीचे, उंच, किंचित वाकलेले. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

“मी या तालुक्यात आलो त्या वर्षी तळेगावाकडची एक बाई माझ्यापुढं आली. नंदाबाई. विहिरीतून लोकांनी जिवंत काढलेली. मी खटला उत्तम चालवला. महिन्याची कैद झाली. सुटून घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी त्याच विहिरीत... त्या खेपेला कुणी काढली नाही. जी बाई जिवाला कंटाळलीय तिला आपण तुरुंग दाखवायचा, फौजदार? त्या दिवशी ठरवलं, हे कलम मी चालवणार नाही. मॅजिस्ट्रेटही माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत. साहेबांना सांगा, नोकरी गेली तरी चालेल.”

त्यांचा आवाज खरा वाटत होता, आणि तरीही टेबलावरचे तेच कागद ते पुन्हा पुन्हा सारखे करत होते.

“शालूबाईचे कागद तुम्ही वाचले होते?” मी विचारलं.

“तिच्या कागदांवर शेरा माझा आहे.”

“मी वाचले होते का असं विचारलं.”

ते खिडकीकडे गेले. बाहेर कुणी नव्हतं. “बोरजाईवाडीला जाणार आहात ना?” पाठ न वळवता ते म्हणाले. “आजच जा. आणि पाटलाला आधी निरोप धाडू नका.”

सरकारी वकील गावच्या पोलीस पाटलापासून सावध राहायला सांगत होता. स्वतःवरचं बालंट दुसऱ्यावर ढकलणारा माणूस असाच बोलतो.

४

वाडीला जाण्यापूर्वी मी ठाण्यात डोकावलो. वकिलाकडची फाइल नाहीशी झाली असली तरी पाटलानं पाठवलेली मूळ वर्दी आणि पंचनाम्याची नक्कल ठाण्यात होती. ज्या जमादारानं शालूबाईची जबानी घेतली त्याची बदली झाली होती. जबानी तेवढी फाइलबरोबर गेलेली.

वर्दी पाटलाच्या हातची, मोडी लिपीत. ‘माझी भावजय शालूबाई हिने आज रोजी सकाळी गावविहिरीत उडी घेतली. कलम ३०९. बाई’ आणि यापुढे ‘मयत’ हा शब्द खोडून वर ‘जिवंत’ लिहिलेलं.

मी तो कागद उजेडात धरला. वीस वर्षांच्या नोकरीत शेकडो पाटलांच्या वर्द्या मी वाचल्या. काय घडलं ते पाटील लिहितो. कलम ठाण्यात लागतं. कलमाचा आकडा घालून वर्दी पाठवणारा पाटील मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पंचनाम्यात एक ओळ होती : ‘घागर पाण्यात मिळाली. घागरीस दोर बांधलेला, दोराचे दुसरे टोक रहाटास पक्के.’

जीव द्यायला निघालेली बाई दोर रहाटाला बांधून घागर सोडत बसेल?

मी जुन्या वर्द्या काढायला लावल्या. बोरजाईवाडीची आणखी एक निघाली, १९३४ सालच्या चैत्रातली. ‘माझी बायको कस्तुराबाई हिने गावविहिरीत उडी घेतली. कलम ३०९. बाई जिवंत.’ तिच्यावरही खटला चालला नव्हता. पाठोपाठ त्याच वर्षीची, चार महिन्यांनंतरची आणखी एक : ‘कस्तुराबाई हिने पूर्वीप्रमाणे पुन्हा उडी घेतली. मयत.’

एकदा उडी घेतलेली बाई पुन्हा घेते यात कुणालाच नवल वाटलं नव्हतं. चौकशी नाही, प्रश्न नाही.

शालूबाईच्या पहिल्या उडीला आता अडीच महिने झाले होते. मी घड्याळ पाहिलं आणि मळवलीची गाडी धरली.

५

मळवलीपासून बोरजाईवाडी तासाची वाट. भाताची खाचरं रिकामी, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. रखमाजी पाटील ओटीवरच भेटले. देखणा माणूस, पिळदार मिशी, बोलणं गोड.

“फौजदारसायेब! निरोप न्हाई, काय न्हाई. बसा, च्या टाकतो.”

चौकशी सरकारी वकिलाविरुद्ध आहे असं मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाल्याचं मला स्पष्ट दिसलं.

“उकिडवे वकील? द्येवमानूस हाय, सायेब. आमच्या बायांवर कदी खटला चालवला न्हाई त्यानं. कागुद तितं ग्येला की मिटलं. आमी समद्यांना सांगतो, तीनशे नवाचं भ्या धरू नका.”

“तुमच्या वर्दीत ‘मयत’ खोडलंय.”

“व्हय,” ते चटकन म्हणाले. “वर काढली तवा मेल्यागतच हुती. म्या मयत लिवलं. मंग हुंकारली, तवा खोडलं. घाईत चुकी झाली.”

उत्तर पटण्यासारखं होतं. मी चहा प्यालो. आतून हाक आली म्हणून पाटील जरा आत गेले तेवढ्यात ओटीच्या कोपऱ्यात पावटे सोलत बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे वळलो. त्या पाटलांच्या आई, धोंडाबाई.

“मावशी, त्या दिवशी तुम्ही घरीच होतात?”

“घरीच की. शालू लय वरडली बगा. हितवर आवाज. म्हनलं, आरं रखमा, शालूला काय झालं बग. त्यो हितंच लिवीत बसला हुता, मंग पळाला. मीबी ग्येले. गेणू कातकऱ्यानं वडून काढलती. कटड्यावर बसून रडत हुती, आन् वरडत हुती, माजी घागर काडा म्हनून.” म्हातारी थोडी हसली. “मरायला ग्येली आन् घागरीची काळजी!”

शालूबाई परसात शेणी थापत होती. वय पंचवीस असेल. मी सरकारी माणूस आहे म्हटल्यावर तिचे हात थांबले, पण डोळे वर झाले नाहीत.

“बाई, तू विहिरीत उडी घेतलीस?”

“व्हय.”

“जमादारालाही हेच सांगितलं होतंस?”

तिनं शेणाचा नवा गोळा उचलला. “जमादारानं इस्पितळात लिवून न्येलं. मंग आट दिसांनी येऊन म्हनला, तुला माफी झाली, वकीलसायबानं दया केली.” तिनं शेणाचा गोळा भिंतीवर आपटला. “सरकारनं काय ठरवायचं त्ये ठरवलं. आता मी येगळं बोलून कोन ऐकनार? घेतली उडी. जावा तुमी.”

मागच्या दारात पाटील उभे होते. हातात चहाची रिकामी कपबशी.

“पानी भरायची येळ झाली, शालू,” ते म्हणाले.

तिनं हात धुतले, घागर उचलली आणि निघाली. मीही निरोप घेतला, वाडीची पाणंद संपेपर्यंत चाललो, आणि पाटील दिसेनासे होताच आडवा पळत विहिरीकडे गेलो.

६

शालूबाई रहाट ओढत होती. विहिरीच्या पलीकडे करवंदीच्या जाळीजवळ एक काळाकिडकिडीत माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. नजर तिच्यावरच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो हलला नाही.

“तिचं पानी भरून होऊंद्या, सायेब,” तो हळूच म्हणाला. “मंग न्या मला कुटं न्ह्यायाचं त्ये.”

तो गेणू कातकरी होता. शालूबाईला वर काढणारा. ती घागर घेऊन दूर गेल्यावरच तो बोलायला लागला.

“सकाळ-सांज बसतो म्या हितं. त्या दिसापासनं.”

“का?”

“म्या बेड्या घातल्याला मानूस. मला कोन इचारतंय? म्हनून बसतो.”

बेड्या कसल्या, हेही त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सरकारी जंगलातले साग तुटले. पाटलानं गेणूचं नाव दिलं आणि त्याला वर्षाची सजा झाली. तो म्हणाला, साग पाटलानंच तोडले होते, आणि हे पाटलाच्या बायकोला, कस्तुराबाईला, माहीत होतं. गेणूच्या बायकोला तिनं सांगितलं होतं, मी फौजदाराला सांगून तुझा नवरा सोडवते. त्या आठवड्यात कस्तुराबाई विहिरीत पडली. पहिल्यांदा.

“शालूबाईला तू काढलंस, तेव्हा ती बेशुद्ध होती?”

“न्हाई वो! दोराला लोंबत हुती. वरडत हुती. म्हनून तर कळलं मला.”

“काय ओरडत होती?”

गेणू माझ्याकडे पाहत राहिला. “त्ये तुमच्या कागदात आसंल की. जमादारानं समदं लिवून घ्येतलं हुतं.”

सगळ्या वाटा त्या हरवलेल्या जबानीशी येऊन थांबत होत्या. मी मळवलीहून लोणावळ्याला गेलो. यार्डात हौशीराम भेटला. रुंद खांद्यांचा, हिरवी झेंडी काखेत. कागद तू नेलेस का, असं मी सरळ विचारलं.

“मला वाचायला येत न्हाई, साहेब. नेऊन काय करू?” तो म्हणाला. “शालू म्हणाली, मी उडी घेतली न्हाई, जमादाराला सांगितलंय. दादा म्हणाला, ती भ्रमिष्ट झालीय. दादानं मला बापागत वाढवलं. मला नुसतं कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.” त्यानं झेंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “कुणी दाखवलं न्हाई.”

पत्रावर शिक्का लोणावळ्याचा होता, आणि हौशीरामला लिहिता येत नव्हतं. लोणावळ्यात राहणारा आणखी एकच माणूस या प्रकरणात होता.

७

उकिडवे भांगरवाडीत भाड्याच्या घरात एकटे राहत. दिवेलागण होत होती. त्यांनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून बाजूला झाले.

मी निनावी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“हे पत्र आलं तेव्हा कागद नाहीसे झाल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं,” मी म्हणालो. “सोपानला आज सकाळी माझ्यासमोर कळलं. म्हणजे ज्यानं लिहिलं त्यानंच कागद नेले. आता चोर पोलिसांना कशाला बोलावतो? पाटलानं कागद नेले असते तर तो गप्प बसला असता. हौशीरामला अक्षरओळख नाही. सोपाननं ऱ्हस्व-दीर्घाचं एवढं पथ्य जन्मात पाळलेलं नाही. अक्षर तुम्ही बदललंत, उकिडवे. शुद्धलेखन बदलायला विसरलात.”

त्यांनी नाकबूल केलं नाही. कपाटातून फाइल काढून माझ्या हातात दिली.

शालूबाईची जबानी एका पानाची होती. ‘मी घागर सोडून पाणी काढत होते. मागून दोन हात पाठीला लागले. कोण ते दिसले नाही. मी उडी घेतली नाही. मला ढकलले. दोर हाताला लागला म्हणून वाचले. वरचा माणूस गेला असे वाटेपर्यंत भीतीने गप्प राहिले, मग ओरडले.’ खाली अंगठा. त्याखाली जमादाराची ओळ : ‘आरोपी बाई गुन्हा नाकबूल करते.’

मी ती ओळ दोनदा वाचली. कलम तीनशे नऊ लागलं त्या क्षणी ती बाई आरोपी झाली होती, आणि ‘मला ढकललं’ हे तिचं रडणं आरोपीचा कांगावा ठरलं होतं. त्याच्याही खाली, मोठ्या अक्षरात, ‘खटला चालवू नये.’

“तुम्ही हे वाचलं नव्हतं.”

“एकही वाचलं नव्हतं,” उकिडवे म्हणाले. “चौदांतलं एकही. वाचलं तर मन डळमळेल, म्हणून नाही वाचायचं असं ठरवलं होतं. मला वाटायचं, दया करायला वाचायची काय गरज? डिसेंबरात हौशीरामला सोपान हाकलत असताना मी ऐकलं. बायको काय बोलली हे नवऱ्याला माझ्या दप्तराला विचारावं लागतं! म्हणून किल्ली मागितली. हे वाचलं. मग बोरजाईवाडीची जुनी फाइल काढली. कस्तुराबाईच्या जबानीतही तेच आहे, फौजदार. शब्दन् शब्द. ‘मला ढकलले.’ त्यावर माझी सही आहे, आणि चार महिन्यांनी ती मेली.”

“मग उघड चौकशी का नाही केलीत?”

“प्रकरण पुन्हा उघडायचं तर बाईला समन्स काढायचं. ते गावात कोण पोचवतं? पोलीस पाटील. कागद दप्तरात ठेवायचे, तर तिथं तो दर सोमवारी चहा पितो.” ते थांबले. “ही कारणं खरी आहेत. पण माझ्या सहीकडे बोट दाखवायला मला दुसरं कुणी हवं होतं, हेही खरं आहे. मला धीर झाला नाही. महिनाभर गेला तसा.”

“उद्या सकाळी पहिल्या गाडीनं चला,” मी म्हणालो. “ही फाइल तुम्हीच वाचून दाखवायची.”

८

सकाळी आम्ही पाच जण मळवलीला उतरलो. मी, उकिडवे, हौशीराम आणि दोन शिपाई. पाटलाच्या घरी न जाता थेट विहिरीवर गेलो. गेणू जाळीजवळ होता. शालूबाई घागर घेऊन आली, नवऱ्याला पाहून थबकली.

उकिडवे पुढे झाले. त्यांनी टोपी काढली, विहिरीच्या कठड्यावर बसले आणि तिची जबानी तिला वाचून दाखवली. हळू, एकेक शब्द. हौशीराम ऐकत होता. ‘मला ढकलले’ या शब्दांशी त्यानं डोळे मिटून घेतले.

“हे तुम्ही सांगितलं होतं ना, बाई?”

“सांगितलं हुतं,” ती कोरडेपणानं म्हणाली. “आन् तुमी म्हनलात खोटं हाय. माफी दिलीत. जे केलं न्हाई त्याची.”

“मी खोटं म्हटलं नाही.” उकिडव्यांनी फाइल मिटली. “मी... मी ते वाचलंच नव्हतं.”

शालूबाईनं पहिल्यांदा मान वर केली. ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं घागर खाली ठेवली.

“वाचलंच न्हवतं?” ती म्हणाली. “म्हंजी मला खोटी कुनीच ठरवली न्हाई?”

“नाही.”

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग तिनं सांगितलं, थांबत थांबत, पण सगळं. आक्कानं, म्हणजे थोरल्या जावेनं, सागाचं तिच्याजवळ बोलून ठेवलं होतं. दोन वर्षं ती भीतीनं गप्प राहिली. दिवाळीत गेणूची उपाशी पोरं दारात आली आणि थोरल्या दिरानं कुत्रं सोडलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, ‘भावजी, आक्कानं मला समदं सांगितलंय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीत होती.

चावडीत पाटलाला बोलावलं तेव्हा निम्मी वाडी जमली होती. मी वर्दी दाखवली.

“पाटील, हा ‘मयत’ शब्द कधी लिहिलात?”

“सांगितलं की, सायेब. वर काढल्यावर. मेल्यागत...”

“ती बेशुद्ध नव्हती. ओरडत होती. वर आल्यावर घागर मागत होती. निम्म्या वाडीनं ऐकलंय. तिला वर आलेली पाहून कुणी ‘मयत’ लिहील का? वर्दी तुम्ही आधी लिहिलीत. ढकललंत, आतून आवाज नाही म्हणून मेली समजून घरी आलात, आणि दौत घेऊन बसलात. कलमसुद्धा स्वतःच घातलंत, कारण तीनशे नवाचा कागद कुणी वाचत नाही हे तुम्हाला कस्तुराबाईच्या वेळेपासून ठाऊक होतं.”

“समदं कुभांड! म्या आवाज ऐकून घरातनं पळालो. आईला इचारा!”

सगळ्यांच्या माना धोंडाबाईकडे वळल्या. म्हातारी काठी टेकत दोन पावलं पुढं आली. तिला काहीतरी उमगत चालल्याचं मला दिसलं.

“पळालास खरा,” ती म्हणाली. “पर शालू वरडायच्या आदीपास्नं तू वटीवर लिवीत बसला हुतास. रखमा, काय लिवीत हुतास रं?”

पाटलानं आईकडे पाहिलं. मिशीला हात नेला तो तसाच राहिला.

“रखमा,” म्हातारीनं पुन्हा विचारलं, “काय लिवीत हुतास?”

शिपायांनी त्याचे दंड धरले तेव्हा त्यानं हिसका दिला नाही.

सेशन्समध्ये शालूबाईच्या प्रकरणात त्याला दहा वर्षं झाली. कस्तुराबाईचा खून सिद्ध होऊ शकला नाही; पाण्यानं पुरावा ठेवला नव्हता. गेणूची शिक्षा तर केव्हाच भोगून झाली होती, ती परत कोण देणार? हौशीराम बायकोला घेऊन लोणावळ्याच्या रेल्वेच्या खोलीत राहायला गेला. उकिडव्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून कबूल केलं की चौदा कागदांवर आपण न वाचता सही केली. वरून त्यांना सक्त ताकीद मिळाली आणि बढती कायमची अडकली. कलम तीनशे नऊ यापुढे नियमाप्रमाणे चालवावं, असंही बजावण्यात आलं.

पुढच्या वर्षी चैत्रात मी कामावरून पुण्याला परत चाललो होतो. कान्ह्याला गाडी थांबली तर फलाटावर उकिडवे उतरताना दिसले. मीही उतरलो. कान्ह्याची एक बाई आदल्या आठवड्यात विहिरीतून काढली होती, तिचा कागद त्यांच्याकडे आला होता.

“चालवणार खटला?” मी विचारलं.

“अजून ठरवलं नाही,” ते म्हणाले.

मीही त्यांच्याबरोबर तिच्या घरी गेलो. बाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. उकिडवे तिच्यासमोर जमिनीवर बसले. कागद उलगडून त्यांनी तो तिला वाचून दाखवला आणि विचारलं, “बाई, तुम्हाला कुणी ढकललं का?”

तिनं मान हलवली. “न्हाई. माजी मीच घेतली उडी.”

“बरं,” उकिडवे म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली, पण शेरा मारला नाही. “का घेतलीत?”

तिला हे कुणीच विचारलेलं नसावं. तिनं पदर सावरला. मग बोलायला लागली. दुपारची गाडी शिटी देऊन गेली, नंतरचीही गेली, आणि सरकारी वकील मांडी घालून ऐकत बसले होते.